चरबी उतरवणं कठीण की मसल चढवणं?

डोंबिवलीहून रोज अंधेरीला कामाला जाणाऱ्या एका 27 वर्षांच्या मुलाचा प्रश्न आहे. वजनं उचलणाऱ्या माणसासाठी जास्त कठीण काय, चरबी कमी करणं की मसल बनवणं, यावरून त्याच्या जिममध्ये रोज वाद होतो आणि त्याला पक्कं उत्तर हवंय. सोबत त्याने स्वतःचे आकडे पण दिलेत: उंची 170 सेंटिमीटर, वजन 68 किलो, बेंबीवरून कंबर 92 सेंटिमीटर, जिमला दोन वर्षं झाली, त्यात तीनदा कटिंग केलंय, म्हणजे चरबी उतरवायला काही महिने कमी खाल्लंय, आणि बेंच प्रेस, म्हणजे बाकावर आडवं होऊन छातीवरून बार वर ढकलणं, अजून 40 किलोवरच आहे.

भावा, थेट सांगतो. मसल बनवणं कठीण. आणि थोडंथोडकं नाही, कितीतरी पटीने कठीण. पण तुझ्या जिममधले जे लोक चरबी चरबी म्हणतायत तेही खोटं बोलत नाहीयेत, त्यांना जे जाणवतं ते खरंच आहे, फक्त ते त्रास मोजतायत आणि मी वेळ मोजतोय. चरबी उतरवताना त्रास रोज होतो. संध्याकाळी ऑफिसमधून उतरलास की स्टेशनबाहेर वडे तळले जात असतात तेव्हा होतो, घरी आईने पुरणपोळी केलेली असते आणि तू अर्धीच घेतोस तेव्हा तिचं तोंड बघून होतो, रात्री पोटात कावळे ओरडतात तेव्हा होतो. मसल बनवताना असलं काहीच नाही, भरपूर खायला मिळतं, पंप येतो म्हणजे व्यायामानंतर स्नायू थोडा वेळ फुगतात, आरशात बरं वाटतं, म्हणून ते सोपं आहे असं वाटत राहतं आणि सहा महिन्यांनी टेप लावली की दंड अर्धा इंचसुद्धा वाढलेला नसतो. दोन वर्षं कुठे गेली ते कळत नाही. तुझी पण तशीच गेलीत, आणि मी हे टोचून बोलत नाहीये, 22 वर्षं मुलं शिकवतोय, लालबागला चाळीतल्या व्यायामशाळेत सुरुवात केली, आता परळला आहे, आणि दर महिन्याला निदान एक तरी मुलगा अगदी तुझेच आकडे घेऊन समोर उभा राहतो.

आता हिशोब बघ. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. रोज 500 कॅलरी कमी खाल्ल्यास तर महिन्याला 15,000 ची तूट पडते, म्हणजे कागदावर जवळजवळ 2 किलो चरबी. प्रत्यक्षात थोडं कमीच उतरतं कारण कमी खाल्लं की माणूस नकळत हालचाल कमी करतो, लिफ्ट घेतो, बसून राहतो, तरी दीड किलो धरून चाल. आणि 500 कॅलरी म्हणजे फार मोठी गोष्ट नाहीये, एका वडापावात 300 च्या आसपास असतात, तेलाच्या एका टेबलस्पूनमध्ये 120, आणि आपल्याकडे भाजीला आमटीला तेल कोण मोजून घालतंय. म्हणजे एक वडापाव आणि दोन चमचे तेल, एवढ्यावर महिन्याला दीड किलो.

मसलचं गणित असं चालतच नाही. माझ्या हाताखालून जी मुलं गेली त्यातला अगदी नवा, नीट खाणारा, नीट झोपणारा, एकही दिवस न बुडवणारा मुलगा पहिल्या वर्षी महिन्याला अर्धा ते पाऊण किलो मसल चढवतो. फार चांगला बांधा असेल तर एक किलो. दुसऱ्या वर्षी ते निम्म्यावर येतं, आणि चार-पाच वर्षं नीट ट्रेनिंग झालेल्या माणसाला अख्ख्या वर्षात एक किलो मिळालं तरी मी त्याला मनापासून शाबासकी देतो. म्हणजे चरबीचं जे काम महिन्याभरात होतं ते मसलच्या बाबतीत पुढे पुढे वर्षाचं होऊन बसतं.

का असं, ते समजून घे, म्हणजे घाई करणार नाहीस. चरबीचं कोठार शरीराने मुळात भरायला आणि उपसायलाच बनवलंय, गरज पडली की त्यातून काढायचं ही तिथली रोजचीच पद्धत आहे. मसल हे राबणारं अवयव आहे. एक किलो मसलमध्ये पाऊण हिस्सा तर पाणीच असतं, प्रोटीन जेमतेम 200 ग्रॅम, मग मुलं विचारतात की सर 200 ग्रॅम प्रोटीन तर मी दोन दिवसांत खातो. खातोस रे, पण शरीर रोज मसल बांधतं पण आणि रोज मोडतं पण, वर्कआउटनंतर बांधणीचा वेग वाढतो तो एक-दोन दिवस टिकतो आणि मग खाली येतो, आणि जमाखर्च मांडून शिल्लक राहतात ते काही ग्रॅम. त्या काही ग्रॅमवर महिने काढायचे असतात. तुला मुंबईतलं उदाहरण देतो, खात्यातून पैसे काढायला दहा मिनिटं लागतात आणि चाळ पाडून नवी बिल्डिंग उभी राहायला किती वर्षं जातात ते गिरणगावातल्या कुणालाही विचार.

शरीर स्वतःहून मसल वाढवायला किती नाखूष असतं याचा सगळ्यात जबरदस्त पुरावा 1996 मधल्या एका अमेरिकन प्रयोगात आहे, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तो छापून आला होता. 43 पुरुष, 10 आठवडे, काहींना दर आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं आणि काहींना खोटं इंजेक्शन, दोन्ही गटांत काहीजण वजनं उचलणारे आणि काहीजण काहीच न करणारे. खोटं इंजेक्शन घेऊन इमानदारीत वजनं उचलणाऱ्यांचं चरबी सोडून बाकीचं वजन वाढलं साधारण 2 किलो. औषध घेऊन व्यायाम न करणाऱ्यांचं वाढलं 3 किलोच्या वर. दोन्ही करणाऱ्यांचं 6 किलो. घाम गाळणाऱ्यापेक्षा बसून राहिलेला पुढे गेला, एवढा घट्ट ब्रेक निसर्गाने तिथे लावलाय. हे मी तुला इंजेक्शनकडे वळवायला सांगत नाहीये, उलट आहे. आज मुंबईतल्या कित्येक जिममध्ये 19-20 वर्षांची पोरं येऊन विचारतात, सर कोर्स करू का, म्हणजे असली इंजेक्शनं घेऊ का, आणि ती ज्यांचे फोटो बघून निराश झालेली असतात त्यातले बरेच त्या ब्रेकवरून गाडी उडवून गेलेले असतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं, वृषण लहान होतात, मूल होण्यात अडचणी येतात, हृदय जाड होतं, रक्तातलं कोलेस्टेरॉल बिघडतं. मी दोन मुलांना यातून बाहेर पडताना बघितलंय, पंचविशीतली मुलं, महिनोन्‌महिने उदास, अंथरुणातून उठवत नव्हतं. ते बघितल्यापासून माझ्याकडे हा विषय काढणाऱ्याला मी तासभर बसवून घेतो.

नैसर्गिक राहिलं तरी सगळ्यांना सारखं मिळत नाही, हे पण खरं. 2005 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात 585 स्त्री-पुरुषांनी 12 आठवडे एकाच हाताचा व्यायाम केला, सगळ्यांना एकच प्रोग्रॅम. कुणाचा दंडाचा स्नायू 59 टक्क्यांनी वाढला आणि कुणाचा 2 टक्क्यांनी चक्क कमी भरला. म्हणून शेजारच्या बेंचवरच्या पोराशी तुलना करू नकोस, तो तुझ्यापेक्षा जास्त मेहनती आहे असंच काही नाही.

माझ्या स्वतःच्या डोळ्यांसमोर जो सगळ्यात मोठा प्रयोग झाला तो लॉकडाऊनचा. 2020 च्या मार्चमध्ये जिम बंद झाल्या त्या 25 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी उघडल्या. सात महिने. लोक परत आले तेव्हा सगळ्यांचीच पोटं सुटलेली, दंड उतरलेले, कुणी 6 किलो वाढलेला कुणी 12. मी तेव्हा प्रत्येकाचं वजन, कंबर आणि कोण किती किलो उचलतो ते वहीत लिहून ठेवलं होतं. काय झालं सांगतो. ज्यांनी मनावर घेतलं त्यांची वाढलेली चरबी चार-पाच महिन्यांत गेली, जुने नवे सगळ्यांची. मसलच्या बाबतीत मात्र दोन रांगा झाल्या. पाच-सात वर्षं ट्रेनिंग केलेली जुनी मंडळी तीन-चार महिन्यांत जवळपास पहिल्यासारखी झाली, आणि जे लॉकडाऊनच्या आधी सहा महिनेच आले होते ते पुन्हा शून्यावर. जुन्यांचं पटकन परत आलं कारण त्याची किंमत त्यांनी आधी वर्षानुवर्षं मोजली होती. मसल वाढताना स्नायूंच्या पेशींमध्ये जादा केंद्रकं तयार होतात आणि मसल उतरली तरी ती बराच काळ टिकून राहतात, नॉर्वेतल्या संशोधकांनी 2010 मध्ये उंदरांमध्ये हे दाखवलंय, आणि माणसातही असंच काहीतरी होत असावं असं बरेचजण मानतात. तू एकदा खरं कमावलंस की ते तुझ्याकडून सहज जात नाही. पण आधी कमवावं लागतं.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, आपला बांधा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापला होता, एका बाजूला ते स्वतः आणि दुसऱ्या बाजूला त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. युडकिनच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. सारखंच वजन, सारखीच उंची असल्यासारखं, आणि चरबी दुपटीच्या वर. त्यांच्याच पुण्याजवळच्या गावांतल्या कामातून दिसलं की आपल्याकडची बाळं सरासरी 2.7 किलोची जन्माला येतात, इंग्लंडमधली 3.5 किलोची, पण आपली बाळं बारीक असूनही त्यांच्यात कमी असतं ते मसल, चरबी मात्र त्यांनी बरीचशी राखलेली असते. म्हणजे आपण जन्मापासूनच बारीक हातापायांचे आणि मध्ये चरबी धरून ठेवणारे. तुझा बीएमआय काढला तर 23.5 येतो, बाहेरच्या देशातल्या तक्त्यात तू एकदम नॉर्मल आहेस, आपल्याकडे 23 च्या वर गेलं की जास्त वजन धरतात, आणि पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या वर, बाईची 80 च्या वर गेली की डायबेटिसची काळजी सुरू करायची. तुझी 92 आहे.

अशा मुलाला आरशात काय दिसतं? पोट दिसतं. मग तो काय करतो? कटिंग. 72 वरून 64 वर येतो, चेहरा बसतो, शर्ट ढगळ होतात, नातेवाईक विचारतात आजारी होतास का, आणि पोट अजूनही थोडं असतंच, कारण आत बघण्यासारखं मसल कधी बनलंच नव्हतं. मग कंटाळून खायला लागतो, परत 70, परत पोट, परत कटिंग. दोन वर्षांत तीनदा. प्रत्येक कटिंगचे तीन-चार महिने धर, म्हणजे जवळपास वर्षभर तू तुटीत खात होतास, आणि त्यात तुझ्या ट्रेनिंगचे सुरुवातीचे महिनेही गेले, जेव्हा शरीर महिन्याला अर्धा किलो मसल द्यायला तयार होतं. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं. पोरं जे सोपं आहे त्याला कठीण समजून त्यावरच आयुष्य घालवतात आणि जे खरंच कठीण आहे त्याला वेळच देत नाहीत.

मी पण हे केलंय, म्हणून सांगतो. 26 वर्षांचा असताना एका जिल्हा पातळीच्या स्पर्धेसाठी दहा आठवड्यांत 11 किलो उतरवले, उकडलेलं चिकन आणि काकडी, शेवटी शेवटी लालबागच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर चढताना कठडा धरावा लागायचा. स्टेजवर मी बारीक दिसलो, घट्ट नाही. स्क्वॅट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन उठाबशी, 140 किलोचा 105 वर आला होता. तो परत 140 वर न्यायला मला अकरा महिने लागले, आणि उतरवलेले 11 किलो मात्र सात आठवड्यांत परत आले होते.

चरबी खरोखर कठीण कधी होते तेही सांगायला पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. एक, जेव्हा तू आधीच बारीक आहेस आणि अजून बारीक व्हायचंय, स्टेजवर जाण्याइतकं. तिथे शरीर जिवाच्या आकांताने विरोध करतं. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात ते कमी होतं, भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, झोप उडते, डोक्यात दिवसभर जेवणच असतं, बायकांची पाळी थांबते. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला 36 तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवून अभ्यास झाला होता, त्यांचं वजन जवळपास चौथ्या हिश्श्याने कमी झालं, आणि त्या मुलांना दुसरं काही सुचेनासं झालं, स्वयंपाकाची पुस्तकं वाचत बसायची. पुन्हा खायला मिळाल्यावर आधी चरबी परत आली, मूळ होती त्याच्या पुढे गेली, मसल मागाहून रखडत आलं. दुसरं, ज्यांना 30-40 किलो उतरवायचेत आणि उतरवून तसंच राहायचंय. त्यांच्यासाठी हे वर्षानुवर्षांचं काम आहे, त्यांना कुणी "जरा तोंडावर ताबा ठेव" म्हणालं की माझ्या डोक्यात जातं. माझ्याकडे एक ताई येतात, 104 वरून 78 वर आल्या, सहा वर्षं झाली तिथेच टिकून आहेत, आणि त्या जे करतात ते कुठल्याही बॉडीबिल्डरपेक्षा मोठं आहे. पण तू 68 किलोचा आहेस. तुझा प्रश्न त्यांचा नाही.

ऑलिंपिक लिफ्टिंग करणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं, तिथे वजनगट असतो. मीराबाई चानूने टोकियोला 49 किलो गटात एकूण 202 किलो उचलून रौप्य मिळवलं. तिच्या अंगावरचा प्रत्येक किलो कामाचा असावा लागतो, कारण वरच्या गटात गेली की समोरचेही मोठे. असे खेळाडू शेवटच्या दिवसांत जे उतरवतात ते पाणी असतं, चरबी नव्हे. वजन करून झाल्यावर दोन तासांत स्पर्धा सुरू होते, म्हणून फार सुकवून घेतलं तर बारवर ताकदच राहत नाही. जिममधल्या मुलांनी ते बघून प्लास्टिक गुंडाळून धावू नये, दुसऱ्या दिवशी पाणी प्यायलास की सगळं जागेवर.

चाळिशीनंतर आणि बायकांसाठी मसल अजून हळू येतं असं सगळे म्हणतात. वयाचं खरं आहे. बायकांचं अर्धं खरं, किलोमध्ये कमी येतं पण स्वतःच्या सुरुवातीच्या तुलनेत टक्क्यांत बघितलं तर पुरुषांइतकंच येतं, आणि "वजनं उचलली तर पुरुषासारखी दिसेन" ही भीती तर पूर्ण सोडून द्या, पुरुष पाच पाच वर्षं झिजून पुरुषासारखे दिसत नाहीत.

आता तू काय करायचंस. तुझं बेंच दोन वर्षांनी 40 किलो आहे म्हणजे ट्रेनिंगच्या दृष्टीने तू अजून नवखाच आहेस, आणि इथे त्याचा फायदा आहे, कारण नवख्याला थोड्या तुटीतसुद्धा मसल मिळतं. कॅनडात 2016 मध्ये 40 तरुणांवर प्रयोग झाला, चार आठवडे 40 टक्के कमी कॅलरी आणि जोरदार ट्रेनिंग. ज्यांनी स्वतःच्या वजनाच्या किलोमागे रोज 2.4 ग्रॅम प्रोटीन खाल्लं त्यांची 4.8 किलो चरबी गेली आणि चरबी सोडून बाकीचं, मसलसकट, वजन 1.2 किलोने वाढलं, ज्यांनी किलोमागे 1.2 ग्रॅमच खाल्लं त्यांचं तेवढ्याच व्यायामात जवळपास काहीच वाढलं नाही. एवढी मोठी तूट तू करू नकोस, पण प्रोटीन लक्षात ठेव. कंबर 90 च्या वर आहे म्हणून पहिले 12 आठवडे रोज 250-300 कॅलरींचीच तूट ठेव, आठवड्याला 250-300 ग्रॅम उतरले तरी बस. भूक एवढी लागणार पण नाही.

प्रोटीन किलोमागे 1.6 ग्रॅम धर, म्हणजे तुला 110 च्या आसपास. आपल्या जेवणात ते आपोआप येत नाही, पण अशक्य पण नाही. चार अंडी 24 ग्रॅम, अर्धा लिटर दूध 16, दीडशे ग्रॅम चिकन 33, दोन वाट्या डाळ 12, पाच पोळ्या 15, वाटीभर दही 7, झाले 107. मासे आवडत असतील तर चिकनऐवजी बांगडा घे, शंभर ग्रॅमला 19-20 ग्रॅम मिळतात, फक्त तळू नकोस, कालवण कर किंवा तव्यावर कमी तेलात भाज. घरी अंडी चालत नसतील तर 50 ग्रॅम सोया चंक्स 26, शंभर ग्रॅम पनीर 18, एक स्कूप व्हे 24, बाकी दूध डाळ पोळी तेच, तरी 110 होतात. व्हे काही जादूची पावडर नाहीये, दुधातलंच प्रोटीन आहे, परवडत असेल तर घे. आणि श्रावणात सोमवार, मग गुरुवार, मग चतुर्थी, त्या दिवशी साबुदाणा खिचडी खाऊन प्रोटीन बुडतं हे मी दरवर्षी बघतो. साबुदाण्यात प्रोटीन जवळपास शून्य. उपवास जरूर कर, पण दूध, दही, पनीर, शेंगदाणे, राजगिरा यांवर कर.

ट्रेनिंगचं तर वाटोळं सोमवारी होतं, कारण सोमवारी अख्खी मुंबई छातीचा व्यायाम करते आणि मग आठवडाभर छातीला कुणी हात लावत नाही. प्रत्येक स्नायू आठवड्यातून दोनदा घे, आठवड्याचे 10 ते 15 सेट, म्हणजे न थांबता केलेल्या फेऱ्या, आणि प्रत्येक सेट असा की शेवटी अंगात एक-दोनच रेप्स, म्हणजे वजन उचलायच्या खेपा, उरल्यात असं वाटलं पाहिजे. तुला जमत असतील 15 आणि तू 10 ला बार ठेवून मोबाईल उचलत असशील तर तो सेट झालाच नाही. एक वही कर. गेल्या वेळी 40 किलोवर 8 केले असतील तर आज 9 करायचे किंवा 42.5 लावायचे, महिन्यातून तीन वेळा तरी काहीतरी पुढे सरकलं पाहिजे. दोन वर्षं 40 किलोच उचलतोयस तर छातीने वाढायचं कशासाठी, तिला कुणी सांगितलंच नाही.

आणि झोप. हे मुंबईकराला सांगणं मला सगळ्यात जड जातं कारण माहितीये की तू डोंबिवलीहून घाटकोपर, मग मेट्रोने अंधेरी, परत तसंच, यात दिवसाचे तीन-साडेतीन तास जातात आणि मग रात्री बारा. पण 2010 मध्ये शिकागोला 10 जणांना 14-14 दिवस तेवढंच कमी खायला देऊन एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास बिछान्यात ठेवलं. वजन दोन्ही वेळा जवळपास 3 किलोच उतरलं. जास्त झोपेत त्यातली 1.4 किलो चरबी होती, कमी झोपेत फक्त 0.6, बाकीचं शरीराने मसलवगैरेतून काढलं. म्हणून तू पहाटे पाचला उठून जिम करतोस आणि पाच तास झोपतोस त्यापेक्षा आठवड्यातून तीनच दिवस जिम कर आणि सात तास झोप. सीट मिळाली तर ट्रेनमध्ये डोळे मिट, रील्स नंतर बघ.

वजनकाट्यावर रोज उभा राहिलास तरी आकडा मनाला लावून घेऊ नकोस, मिसळपाव खाल्लास की दुसऱ्या दिवशी मीठ आणि पाण्यानेच किलोभर वाढतो, आठवड्याची सरासरी काढ. शिंप्याकडे असते ती टेप घे आणि दर रविवारी सकाळी उपाशीपोटी बेंबीवरून कंबर, दंड आणि मांडी मोज. 12 आठवड्यांनी कंबर 88-89 ला आली, वजन 65 च्या आसपास असलं आणि बेंच 50-55 झालं तर आपलं काम बरोबर चाललंय. तिथून पुढे दीड वर्ष कटिंग हा शब्द काढायचा नाही, रोज 150-200 कॅलरी जास्त खायच्या, महिन्याला पाव ते अर्धा किलोने हळूहळू वर जायचं. कंबर 90 ओलांडायला लागली तर महिनाभर थांबायचं आणि परत सुरू.

त्या 12 आठवड्यांच्या शेवटी पोटावर सिक्स पॅक दिसत नसतील, थोडं पोट असेलच. जिममधले म्हणतील अजून एक महिना कटिंग कर, आता सोडू नकोस. त्यांचं ऐकू नकोस, त्या रविवारपासून एक पोळी आणि एक अंडं वाढव.